राजाच्या मिशीची नक्कल

रविवार, १९ ऑक्टोबर २००३, संध्याकाळ. दोहा, अल मुंतझा, आमचं घर, तिसरा मजला.

हजर: समोरच्या फ्लॅटमधल्या नाशिकच्या वहिनी. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. पहिल्या मजल्यावरचे वसईचे भाऊ, हॉस्पिटलात एक्स-रे काढणारे आणि आमच्या कार्यक्रमांचे स्पीकर सांभाळणारे. माझी मुलगी, वय नऊ. मी. गैरहजर: माझे यजमान, समुद्रात रिगवर, ड्यूटी. आणि टेबलाच्या मधोमध, घडी घातलेल्या नॅपकिनवर, वहिनींच्या कॉम्प्युटरमधून काढलेली हार्ड डिस्क.

दुपारी कॉम्प्युटरात असताना ती टक् टक् करत होती. आता गप्प होती आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटत होती.

मी एका इंजिनिअरिंग कंपनीत बॅकअपचं काम बघत असे. रोज टेप बदलायची, लेबल लावायचं, सही करायची. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की माझ्याकडे यायचे. आणि काहीही बिघडलं की मी आधी प्रश्न लिहून काढते, मग स्क्रू ड्रायव्हर शोधते. त्या दिवशी तीन प्रश्न लिहिले. डिस्कवर काय आहे? दुसरी प्रत कुठे आहे? कधीपर्यंत हवंय?

पहिल्याचं उत्तर वहिनींनी दिलं. “मिशी.”

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडच्या मुलांना मराठी कळतं. पाणी आण म्हटलं की आणतात, फक्त आणताना ‘विथ आइस?’ असं विचारतात. दिवाळीच्या कार्यक्रमात ही मुलं मराठी नाटक करायची, म्हणजे रंगमंचावर येऊन पहिलं वाक्य म्हणायची आणि दुसऱ्या वाक्याला आयांकडे बघायची. आया पहिल्या रांगेतून ओठ हलवायच्या. एका वर्षी तर प्रेक्षकांना रंगमंचापेक्षा पहिली रांगच जास्त ऐकू आली. मग वहिनींनी तोडगा काढला. सगळे संवाद आधी ध्वनिमुद्रित करायचे. मुलांनी वर फक्त अभिनय करायचा आणि तोंड हलवायचं.

चार महिने, दर शुक्रवारी, वहिनींच्या बेडरूममध्ये ध्वनिमुद्रण चाललं. साड्यांचं कपाट सताड उघडं ठेवून त्यात माइक धरायचा, म्हणजे आवाज घुमत नाही. एकेक मूल पैठण्यांमध्ये डोकं घालून एकेक वाक्य म्हणायचं. ‘मिशी’ या शब्दावर एका मुलीची अख्खी दुपार गेली. नाटक वहिनींनीच लिहिलेलं: राजाची मिशी हरवते आणि सगळा दरबार ती शोधतो.

राजाचा आवाज होता मागच्या बिल्डिंगमधल्या, परभणीच्या मुलाचा. आमच्या सगळ्या मुलांत तो एकटाच असा की त्याला मराठीत ओरडता यायचं. “काय करायलास बे प्रधाना,” असं तो म्हणाला की कपाटातल्या साड्या हलायच्या. जूनमध्ये त्याच्या वडिलांचं कॉण्ट्रॅक्ट संपलं आणि कुटुंब परत गेलं. आवाज राहिला. त्या आवाजावर तोंड हलवायला एक राजा हवा होता. तो माझी मुलगी झाली: जेमतेम चार फूट उंच, केसांना गुलाबी क्लिप आणि तोंडातून परभणी.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ लागला.

“प्रत आहे ना,” वहिनी म्हणाल्या. “मी सीडी केली होती. अहो, ती सीडी कुठे ठेवलीत?”

भाऊजी उठले. मग ते आपल्या बाल्कनीत गेले आणि एक दोरी घेऊन परत आले. दोरीला सात-आठ सीड्या ओवलेल्या. दोह्यात बाल्कनीत कबुतरं येतात, आणि कबुतरांना चमकणाऱ्या सीड्यांची भीती वाटते असं कोणीतरी भाऊजींना सांगितलेलं होतं. ‘मिशी, अंतिम’ असं लिहिलेली सीडी मधोमध होती. ऑगस्टपासूनच्या उन्हाने ती पापडासारखी वाकली होती आणि तिच्यावर कबुतरांनी आपलं मत नोंदवलेलं होतं.

“घाबरत तरी होती का?” वहिनींनी विचारलं.

“नाही,” भाऊजी म्हणाले. “पण येऊन बघायची.”

वसईचे भाऊ आधी हसले. मग मी, मग सगळेच. वहिनीही हसल्या, पण लवकर थांबल्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: येत्या शुक्रवारी दिवाळीचा कार्यक्रम, मदिनत खलीफा भागातल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या व्हिल्यात, मोठ्या हॉलमध्ये. आमंत्रणं गेली होती. भाऊजींचंही कॉण्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि दिवाळीनंतर वहिनी नाशिकला जाणार होत्या.

“ताई, माझ्या व्हिसावर शिक्का आहे,” त्या मला म्हणाल्या. “काम करायला परवानगी नाही. नऊ वर्षं आहे तो. इथे मी हे एकच काम केलंय.”

मी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

माझ्याकडे दोन डिस्क बसतील असा जुना कॉम्प्युटर होता, ऑफिसने मोडीत काढलेला. त्यात आजारी डिस्क लावली, शेजारी नवी कोरी डिस्क लावली आणि सीडीवरून चालणारं लिनक्स सुरू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मी सांगितलं की आता डीडी वापरायचं.

“डीडी? मग बँकेत जायला हवं होतं,” भाऊजी म्हणाले. दर महिन्याला आईला डिमांड ड्राफ्ट पाठवणाऱ्या माणसाचा तो विनोद. सीडीच्या प्रकरणानंतर त्यांनी एवढा धीर दाखवला म्हणून आम्ही हसलो.

ही डीडी म्हणजे नक्कल करणारी एक छोटी आज्ञा. ती फाइली बघत नाही. नाटक, लग्नाचे फोटो, पगाराची स्लिप, तिला सगळं सारखंच. डिस्कच्या एका टोकापासून सुरू करायचं, ठराविक मापाने उचलायचं आणि दुसऱ्या डिस्कवर तशाच्या तसं ठेवायचं. कुठून, कुठे, केवढ्या मापाने आणि अडलं तर काय करायचं, एवढं आपण सांगायचं. मी टाइप केलं आणि एंटर न दाबता हात मागे घेतला:

dd if=/dev/hdc of=/dev/hdd bs=4096 conv=noerror,sync

“आता प्रत्येकाने वाचा,” मी म्हणाले. ऑफिसात माझा नियम होता की अशी आज्ञा एकट्याने द्यायची नाही.

“इफ आणि ऑफ,” वसईचे भाऊ चष्मा वर करून म्हणाले. “हे काय आहे, बाय?” ते सगळ्या बायकांना बाय म्हणत, माझ्या मुलीलासुद्धा.

“पहिला नळ. दुसरी बादली.”

“आणि उलटं झालं तर?”

“तर कोरी डिस्क मिशीवर ओतली जाईल. मग खलास.”

सगळे एक पाऊल मागे सरकले. भाऊ म्हणाले, “आमच्याकडे फोटो काढायच्या आधी दोघं जण विचारतात, उजवा पाय का डावा. एक पेशंट वैतागला. म्हणाला, दोन्ही माझेच हायेत, कुठलाबी काढा.” तेवढ्यात वहिनी घरी जाऊन देवघरातली कोयरी घेऊन आल्या. जुन्या डिस्कला कुंकू लावलं, नवीला हळद.

“दसऱ्याला झेंडू वाहिला होता मी कॉम्प्युटरला,” त्या पुटपुटल्या. “एवढं करून हे.”

पण त्या खुणेचा उपयोग झाला. मी वाकून कुठली वायर कुठल्या डिस्कला जाते ते बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, “नळ कुंकवाचा, बादली हळदीची.” माझ्या मागोमाग चौघं जण तेच म्हणाले. पुढे ऑफिसातसुद्धा मी डिस्कांना लाल आणि पिवळे ठिपके लावायला लागले. कारण कोणी विचारलं तर आंतरराष्ट्रीय पद्धत आहे असं सांगत असे.

‘बीएस’ म्हणजे एका वेळी केवढी वाटी भरायची ते माप. ‘नोएरर’ म्हणजे मध्ये खडा लागला तरी थांबू नकोस. वहिनी अडल्या त्या ‘सिंक’पाशी.

“जिथे वाचता येणार नाही तिथे ती तेवढीच जागा रिकामी सोडेल,” मी म्हणाले.

“रिकामी कशाला? गाळून टाकायची.”

“मग पुढचं सगळं मागे सरकेल. कशाचीच जागा कशाला लागणार नाही.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे पंगतीत एक जण आला नाही तरी त्याचं पान उचलायचं नाही. रिकामं तर रिकामं.”

‘सिंक’चं इतकं चांगलं स्पष्टीकरण मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मी एंटर दाबलं.

डीडी काम करताना काही बोलत नाही. किती झालं, किती राहिलं, सांगत नाही. आम्ही पाच जण एका गप्प पडद्यासमोर बसलो. डिस्क तापू नये म्हणून मी एसी सोळावर नेला आणि टेबलफॅन तिच्याकडे वळवला. बाहेर अजून उकडत होतं आणि आत वहिनी शाल गुंडाळून, भाऊजी माझ्या यजमानांचा स्वेटर घालून. भाऊजींनी फ्रीजरमधून गोठलेल्या मटारचं पाकीट आणलं, डिस्कखाली ठेवायला. मी परत ठेवायला सांगितलं. ओल धरली तर डिस्क आणि मटार दोन्ही गेले. ते पाकीट परत गेलं नाही, त्याची उसळ झाली आणि भाऊंनी खालून पाव आणले.

“किती झालं?” भाऊजी घासागणिक विचारायचे. मी पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीतून डीडीला टोचायचे, मग ती एक आकडा सांगून पुन्हा गप्प.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर टकटक सुरू झाली आणि पडद्यावर ओळींचा पाऊस पडायला लागला. सगळ्या ओळी एकच: इनपुट-आउटपुट एरर. माझी मुलगी ती ओळ दरबारातल्या भालदारासारखी हात वर करून ओरडायला लागली. पहिल्यांदा गंमत वाटली. पण ओळी थांबेनात. डिस्क प्रत्येक खड्याशी झटत होती आणि झटता झटता मरणार होती.

मी आज्ञा थांबवली. वहिनींनी माझा दंड धरला.

“सोडून देताय?”

“नाही. वळसा घालतेय.”

त्यासाठी आज्ञेला आणखी दोन पर्याय जोडावे लागतात. ‘स्किप’ नळाकडचा: इतक्या वाट्या सोडून मग भरायला लाग. ‘सीक’ बादलीकडचा: तिथेही तितक्याच वाट्यांची जागा सोडून मग ओत. एक दिला आणि दुसरा विसरला की नंतरचं सगळं भलत्या जागी. पंगतीचा हिशोब आता सगळ्यांना पाठ होता. वाढप्याने मधली पानं सोडली तर पुढच्याने आपल्याच पानावर बसायचं. दोन्हीकडे एकच आकडा घातला, चौघांनी वाचून खात्री केली, आणि डीडी खराब पट्ट्याच्या पलीकडे जाऊन मुकाट कामाला लागली.

पट्ट्यापलीकडचं सगळं सोमवारी सकाळपर्यंत बादलीत आलं होतं. मग मी माप कमी केलं, वाटीचा चमचा केला, आणि पट्ट्यात परत गेले. मोठ्या वाटीत एक खडा असला तर अख्खी वाटी जाते. चमच्याने तेवढा चमचाच जातो. हे काम दोन दिवस चाललं. ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी पडद्याकडे बघायचे. बिल्डिंगमधली मंडळी येता-जाता डोकावायची. मंगळवारी भाऊंनी दारातूनच विचारलं, “पेशंट कसाय?” मी म्हटलं, “खातोय थोडं थोडं.”

बुधवारी पेशंट घर्र करून गेला. कायमचा. पट्ट्याचा काही भाग राहिलाच.

हळदीची डिस्क वहिनींच्या कॉम्प्युटरात घातली. फोल्डर उघडला. मिशी होती, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. वहिनींनी मला मिठी मारली, मग भाऊजींना, मग चुकून वसईच्या भाऊंना. मग आम्ही ऐकायला बसलो.

पहिला प्रवेश सुरेख गेला. दुसऱ्यात राजा गरजला, “प्रधाना, मिशी...” आणि शांतता. मग त्याच परभणीच्या आवाजात, “...ठेवून जा.”

मूळ वाक्य होतं, ‘प्रधाना, मिशी शोधून आण, नाहीतर तुझी पगडी इथंच ठेवून जा.’

“पान रिकामं,” भाऊ म्हणाले.

पुढे राजाचा हुकूम आला. “राणीसाहेबांना...” शांतता. “...तेल लावून कोनाड्यात ठेवा.” मुळात, मिशी सापडली की तिचं काय करायचं, ते राणीला सांगितलेलं होतं. आता राणीच कोनाड्यात. भाऊजी खुर्चीवरून घसरले. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि “पुन्हा लावा, पुन्हा लावा,” म्हणत होत्या. असे तुकडे जागोजाग होते, कुठे एक शब्द, कुठे दोन वाक्यं, आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त राजाच्या वाट्याला.

हसून झाल्यावर वहिनींनी विचारलं, “आता?”

भाऊ म्हणाले, “रिकामं कापून टाकतो.”

“नको,” वहिनीच म्हणाल्या. “मुलांची पावलं बसलीयत त्या मापावर. कापलं तर सगळी एकमेकांवर आपटतील.”

“मग रिकाम्या जागी त्यांनीच बोलायचं,” मी म्हणाले.

“कोणी?”

“मुलांनी. तोंडाने.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच सीडी बाल्कनीत टांगली होती. “ताई, त्यांना बोलता आलं असतं तर मी चार महिने कपाटात माइक धरून बसले असते का?”

गुरुवारच्या तालमीत त्यांचं म्हणणं खरं ठरलं. शांतता आली की सगळा दरबार पुतळा. प्रधान छताकडे बघायचा. माझी मुलगी मिशीशिवायचा ओठ चावायची. ती वाक्यं मी तिच्याकडून घरी घोकून घेतली होती.

“आई, आय नो इट. इट्स जस्ट नॉट कमिंग आउट.”

“मग तुला येईल तसं म्हण,” मी म्हटलं. हे वहिनींना ऐकू गेलं. त्यांनी हातातली संहिता मिटली. रद्द करायचं तर आजच कळवावं लागेल, असं भाऊजी हळूच म्हणाले. वहिनींनी मान हलवली. कोणत्या बाजूने हलवली ते कोणालाच समजलं नाही. म्हणून कोणी फोन केला नाही.

शुक्रवारी व्हिल्याचा हॉल भरला. पहिल्या रांगेत आया नव्हत्या. वहिनींची सक्त ताकीद होती. भाऊ स्पीकरपाशी, आवाजाच्या बटणावर बोट ठेवून. वहिनी पडद्याआड. मी त्यांच्या शेजारी, प्रवेशांची यादी घेऊन.

दुसरा प्रवेश. परभणीचा आवाज गरजला, “प्रधाना, मिशी...”

शांतता. मुलीचं तोंड उघडं. वहिनींची बोटं माझ्या मनगटात रुतली. आणि मग तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात आलं, “...शोध. यल्ला. आत्ताच्या आत्ता. नाहीतर तुझा पगार खलास.”

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून एक माणूस मोठ्याने हसला. त्याच्या कंपनीत महिनाअखेरीला बहुतेक असंच अरबी ‘यल्ला’, म्हणजे ‘उरका लवकर’, चालत असणार. मग सगळा हॉल. स्पीकरमधून “...ठेवून जा” आलं आणि मुलीने हात कमरेवर ठेवून त्याला जोडलं, “हो. ठेवून जा. लंचबॉक्सपण.”

प्रधान हा डोंबिवलीचा, अतिशय शहाणा मुलगा. त्याला आता काही वाक्य नव्हतं. तरी तो म्हणाला, “महाराज, माझा लंचबॉक्स कशाला? मी काय केला?”

“केलं,” वहिनी सवयीने कुजबुजल्या आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

त्यानंतर मुलं थांबेनात. रिकाम्या जागी बोलायचं ठरलं होतं, ती भरलेल्या जागीही बोलायला लागली. राणी म्हणाली, “मी कोनाड्यात बसणार नाय, मला एसी पाहिजे.” एकाच वेळी दोन राजे बोलायला लागले, एक परभणीचा आणि एक गुलाबी क्लिपचा, आणि क्लिपवाला जास्त ओरडत होता. भाऊंनी लांबून वहिनींकडे बघितलं. बोट बटणावर, भुवया वर: काय करू?

त्या मुद्रणात चार महिन्यांचे शुक्रवार होते, एकेक शब्द घासून घेतलेला. वहिनींनी एकदा रंगमंचाकडे बघितलं. मग तळहात जमिनीकडे धरून हळूहळू खाली नेला.

भाऊंनी आवाज उतरवला, शून्यापर्यंत. मुलांच्या लक्षातही आलं नाही. शेवटचा प्रवेश त्यांनी आपल्या तोंडाने केला. ठरल्यापेक्षा लांबला, मिशी ठरलेल्या जागी सापडलीच नाही, राणीच्या खिशात निघाली. पडदा पडल्यावर लोक उभे राहिले. वहिनींना पुढे ओढून आणलं तेव्हा त्या प्रेक्षकांना नमस्कार करायच्या ऐवजी वळून प्रधानाला म्हणाल्या, “मी काय केलं. केलं.” प्रधान म्हणाला, “यू वेअर ऑसम, मावशी.”

नोव्हेंबरात त्या नाशिकला गेल्या. निघताना हळदीच्या डिस्कची एक नक्कल मी त्यांना दिली, आणि त्यांनी मला एक काम दिलं. कार्यक्रमाचं चित्रण एका छोट्या कॅसेटवर आहे. त्यातून मुलांचे आवाज काढायचे आणि मूळ मुद्रणात जिथे जिथे शांतता आहे तिथे बरोबर बसवायचे, बाकी कशाला धक्का न लावता. “परभणीचाही ठेवा आणि या मुलांचेही ठेवा,” त्या म्हणाल्या. “मला तसं ऐकायचंय.”

हे करता येतं. ‘सीक’ने जागा गाठायची आणि ‘नोट्रंक’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे डीडी मधला तुकडा भरते आणि पुढचं कापून टाकत नाही. आज्ञा मी तेव्हाच टाइप करून ठेवली आहे. कॅसेट वाचणारा कॅमेरा अजून मिळवायचा आहे, आवाज काढायचे आहेत आणि सीकच्या पुढचे आकडे भरायचे आहेत.